देवाजीभाऊंचा मांत्रिक

देवाजीभाऊ एस.टी.चं तिकीट मागून-पुढून वाचल्याशिवाय सीटवर टेकत नसत. भद्रावती ते चंद्रपूर, नेहमीचा रस्ता, कंडक्टर ओळखीचा. तरी दांडा धरून, हेलकावे खात ते तिकीट डोळ्यांशी न्यायचे. मागची बाजू कोरी निघाली तर कंडक्टरला विचारायचे, "अटी कुठी हायेत?"

मी तेव्हा भद्रावतीच्या पोस्टात काउंटरवर होतो. आमची ओळख झाली ती इनलँड पत्रामुळे. 'आत काही ठेवू नये' या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "काही म्हंजे काय काय?"

"भाऊ, मजकूर सोडून काहीच नाही."

"मजकूर चालते असं तं लिवलं नाई."

मागे रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत होती. शेवटी मी माझ्या जबाबदारीवर मजकुराला परवानगी दिली, तेव्हा कुठे ते हलले.

कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. फॉर्मवर 'बोल्ट' लिहून त्याखाली नट लिहायचा राहिला, तर ते नुसता बोल्ट द्यायचे. लग्नपत्रिकेत 'आग्रहाचे निमंत्रण' वाचून एकदा थेट वधूपित्याच्या घरी गेले आणि विचारलं, आग्रह नेमका कोण करणार, तेवढं सांगून ठेवा. त्या बिचाऱ्याने पंगतीत स्वतः उभं राहून तीन जिलब्या वाढल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खुर्ची, आणि खुर्चीत देवाजीभाऊ.

आमच्या घरी ते येऊ लागले ते शौकतच्या खेळामुळे. शौकतचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याचा मोठा भाऊ जहाजावर होता, त्याने कुठल्याशा बंदरातून एक खेळ पाठवला. त्यात ना पट ना सोंगट्या. एक जाडं इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे. एकाला तर वीस बाजू. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार. शौकतने डिक्शनरी घेऊन उन्हाळाभर ते पुस्तक उलगडलं, आणि दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर, कूलरपुढे, खेळ सुरू झाला. मी भीमा नावाचा योद्धा. माझी बायको शालू सावली गावाकडची, घरात देवाला हात जोडल्याशिवाय चहा न घेणारी. तिने फुली नावाची चोरटी घेतली आणि पहिल्याच दिवशी राजाचा मुकुट लांबवला.

चौथा गडी हवा होता. मी देवाजीभाऊंना विचारलं. नियमांचं पुस्तक केवढं आहे ते पाहून ते लगेच आले.

"योद्धा घ्या," शौकत म्हणाला.

"माही कंबर पाह्यली काय?"

"लढणार तो है भाऊ, तुम्ही नाई."

"तरी."

पुजारी नको, कारण पूजा ते करत नव्हते. जादूगाराला रोज सकाळी मंत्र पाठ करावे लागतात. पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही, हा शाळेतला अनुभव. शौकत वैतागला. म्हणाला, "मग एकच राह्यला. हा मांत्रिक शिकत-बिकत नाई. कोणत्या तरी अदृश्य ताकदीशी सौदा करते. ती मंत्र देते, हा तिचं काम करते."

देवाजीभाऊंनी कप बशीत ठेवला. "सौदा? लेखी?"

"भाऊ, तुम्ही तर भूत-मंत्र मानत नाही," मी म्हणालो.

"मानत नाई म्हणूनच नीट बनवता येते. मानणारा भेते, अन् भेणारा काईच न वाचता सही करते."

तो सौदा तीन रविवार चालला. ताकदीचं नाव 'डोहाचा धनी'. त्याचा आवाज म्हणून शौकत रिकाम्या माठात तोंड घालून बोलायचा. माठातून घुमारा यायचा, "माणसा, तुझा आत्मा दे!" आणि देवाजीभाऊ शांतपणे विचारायचे, "आत्म्याची व्याख्या काय? अन् मी तं आत्मा मानत नाई. जे नाई ते लिवून देऊन राह्यलो, पाहून घे." माठातून नुसतं खाकरणं ऐकू यायचं. एकदा शौकतचं डोकं माठातून निघेना. त्या गडबडीतही भाऊंनी दोन कलमं मंजूर करून घेतली.

शेवटी चौदा कलमं झाली. मोठे मंत्र एका दमात दोनच, पण दोन्ही भारी. काळी ठिणगी मात्र हवी तितक्या वेळा फेकता येणार. "हे आपलं वरण-भात," भाऊंनी समजावलं. "पोट यानंच भरते. मोठा मंत्र म्हंजे सणाची पुरणपोळी." चौथं कलम सगळ्यात महत्त्वाचं: घटकाभर बसून पाणी प्यालं की मोठे मंत्र पुन्हा भरून आले पाहिजेत.

मग गुणांची वाटणी. ताकद त्यांनी अगदी कमी ठेवली. चपळाई पळण्यापुरती, जीव जरा बरा. उरलेलं सगळं बोलण्याच्या वजनात टाकलं.

"आणि अक्कल?" शालूने विचारलं.

"अक्कल धन्याले आहे न बाई. आपण त्याच्याशी नीट बोलाचं."

मांत्रिकाचं नाव नत्थू. आठ महिने नत्थूने आम्हाला तारलं. जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळ्याशी माझा भीमा छाताड पुढे करून भिडला आणि मेला. त्याच्या जागी भीमाचा भाऊ आणला, तोही मेला. नत्थू साठ पावलं मागे, झाडाआड उभा राहून ठिणगीवर ठिणगी. कोळी मेला की भाऊ म्हणायचे, "कलम चार. बसा." मग खेळातली माणसं पाणी प्यायची आणि ओसरीवरची चहा. मी एकदा म्हणालो, सुरुवातीलाच मोठा मंत्र टाका ना. ते म्हणाले, "पह्यल्या घाईत मोठा मंत्र टाकणारा दुसऱ्या घाईत मरते. मले मरून चालत नाई. मी मेलो तं तुमाले कोण वाचवीन?"

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी दगडी देवळातली पेटी सापडली. फुलीने कुलुपात तार घातली. शालूने फासा टाकला. शौकतने घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "एक."

विसातला एक म्हणजे साफ फसलं. कुलुपात विषारी सुई होती. फुली मेली.

शालू हसली. "चला, माझा बोजा गेला," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आतून स्टोव्हचा पंप मारल्याचा आवाज येईना. ती नुसतीच उभी असावी. मला काय करावं सुचेना; खेळातल्या मरणाचं सांत्वन कसं करतात?

देवाजीभाऊ आतल्या दाराकडे बघत होते. मग म्हणाले, "शौकत, माठ घे."

"भाऊ, मेलेल्याला परत आणायचं कलम नाई आपल्या करारात."

"माठ घे म्हनलं."

शौकतने तोंड माठात घातलं. "परत आणीन. पण करार नवा. अटी सहीनंतर सांगीन." विषय मिटावा म्हणून त्याने तसं म्हटलं, हे त्याने मला मागाहून सांगितलं. भाऊ असल्या कागदाला हात लावणार नाहीत, अशी त्याची खात्री होती.

देवाजीभाऊंनी वहीतला कोरा कागद फाडला, खाली सही केली, तारीख टाकली आणि माठापुढे सरकवला.

शौकतने डोकं बाहेर काढलं. "भाऊ! वाचलं नाई तुम्ही."

"कोऱ्या कागदात वाचाले काय आहे? बाईले हाक मार. फुली उठली म्हणा."

शालू दारात आली. शौकतचा चेहरा पडला होता, पण खेळ म्हणजे खेळ. त्याने किंमत सांगितली. नत्थूची सगळी शक्ती: ठिणगी, दोन्ही मोठे मंत्र, चौदाच्या चौदा कलमं. भाऊंनी खोडरबर घेतलं आणि स्वतःच नत्थूच्या कागदावरचं एकेक पुसलं. रबराचा भुगा फुंकून टाकला. "नत्थू आता कंदील धरीन," म्हणाले. पुढचे दोन तास नत्थूने कंदील धरला, आणि फुलीने त्याच्या उजेडात तीच पेटी उघडली. शालू इतकी ओरडली की शेजारच्या वहिनी कुंपणावरून डोकावल्या.

ऊन उतरल्यावर शौकत गेला. देवाजीभाऊ पायरीवर चपला घालत होते. एक घातली, दुसरी हातातच राहिली.

"बाई," ते म्हणाले, "मंत्र तं आता काई नाई माह्याजवळ. कोणाच्या कामाचा नाई तो नत्थू. पुढच्या रविवारी येऊ का नको?"

त्यांनी हे कंडक्टरला विचारावं तितक्या सरळ विचारलं. मी काही बोलणार, तर शालूने मला डोळ्यांनीच थांबवलं.

"भाऊ, तुम्ही मंत्रासाठी येत होते काय इथी?" ती म्हणाली. "सकाळीच या. वांग्याची भाजी करते. जेवूनच खेळू."

"बरं," देवाजीभाऊ म्हणाले. दुसरी चप्पल घालून फाटकापर्यंत गेले, कडी काढली आणि तिथूनच वळले.

"तिखट जरा कमी टाकजा, बाई."

आठ महिन्यांत त्यांनी आमच्या घरात स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट.