गुळाच्या फळीवरची आई

पारोळ्याच्या नवलला स्वप्नं बघायला झोपावं लागत नसे. वडिलांमागं आलेलं किराणा दुकान तो उघड्या डोळ्यांनी चालवायचा आणि त्याच डोळ्यांनी भलतंच काही बघायचा. गिऱ्हाईक साबुदाणा मागे, नवल रवा बांधे. "पुढच्या दिवाळीला या दुकानाचं सुपरमार्केट झालेलं बघा!" असं तो छातीठोकपणे सांगायचा. ऐकणारे हो म्हणायचे आणि रवा बदलून घ्यायचे.

या स्वप्नाचं मूळ जळगावात होतं. तिथल्या एका मोठ्या सुपरमार्केटात त्यानं चक्क बोलणाऱ्या फळ्या पाहिल्या होत्या. दाढीच्या पात्यांचं एक पाकीट ओढलं की मागची स्प्रिंग दुसरं पाकीट हळूच पुढं सरकवायची. पुन्हा हात घातला, की फळी मंजुळ घंटी वाजवून म्हणायची, "आमचा मदतनीस येत आहे." ही चोरांना पळवून लावायची युक्ती. पण नवलला वाटलं, फळी आपल्याशीच बोलतेय. तो बिचारा मदतनिसाची वाट बघत उभा राहिला. मदतनीस आला तो काठी घेऊन.

तरी नवलचं प्रेम काही आटलं नाही. त्यानं तसलंच एक छोटं यंत्र मागवलं. समोर हात आला की निळा दिवा लागायचा आणि आत भरलेला आवाज बोलायचा. आवाज मात्र आपला आपण भरायचा होता. नवलनं आईला, म्हणजे प्रमिलाबाईंना, यंत्रापुढं बसवलं. त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "कोन शे रे तठे? ठेव तठेच! माले बठ्ठं दिखस."

'मला सगळं दिसतं' असं अहिराणीत बजावणारं हे यंत्र गुळाच्या फळीवर बसलं, कारण दुकानाची गळती तिथंच होती. खरं सांगायचं तर ती चोरी नव्हेच. आपल्याकडे गूळ घ्यायचा तर आधी खडा जिभेवर ठेवायचा, शेंगदाणे घ्यायचे तर मूठभर खाऊन बघायचे. न चाखता माल घेणाऱ्याला लोक खुळा म्हणतात. एवढी साधी गोष्ट नवलच्या ध्यानात आली नाही, कारण त्याच्या ध्यानात तेव्हा ज्योती होती.

ज्योती धुळ्याची. मध्यस्थानं तिचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. दुकानदार पोराला मुलगी मिळणं हल्ली किती कठीण, हे घरोघर ठाऊक आहे. आतापर्यंतची सगळी स्थळं 'नोकरीवाला हवा' म्हणून परत गेली होती. ज्योतीच्या घरचे मात्र 'बघू' म्हणाले होते, आणि त्या एका 'बघू'वर नवल तरंगत होता. दुपारी रस्ता सामसूम व्हायचा, पंखा कुरकुरत फिरायचा, उन्हाच्या तिरिपेत पिठाचे कण सावकाश खाली उतरायचे, आणि नवलला गल्ल्यामागं ज्योती बसलेली दिसायची. ती पुडी बांधायची, तो दोरा तोडून द्यायचा. सगळा संसार असा दोऱ्यादोऱ्यानं चालला होता.

अशाच एका दुपारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ दुकानात आले. "गूय कसा शे?" गुळाच्या फळीशी थांबून त्यांनी विचारलं. नवल तेव्हा दोरा तोडत होता, म्हणून त्यानं नुसतंच हसून मान हलवली. गृहस्थांनी रीतीप्रमाणे एक खडा उचलून तोंडात टाकला. यंत्र जरा उशिरानं जागं व्हायचं. ते आता जागं झालं.

"कोन शे रे तठे? ठेव तठेच! माले बठ्ठं दिखस."

गृहस्थ इतके दचकले, की त्यांनी तोंडातला अर्धा खडा काढून मुकाट्यानं फळीवर ठेवला. ठेवायला हात पुढं गेला, म्हणून यंत्र पुन्हा ओरडलं. नवल बटण दाबायला धावला, तर ते नवलवर ओरडलं. त्यानं वरून पोतं टाकलं. पोत्याच्या आतून आवाज आणखीच करारी येऊ लागला. मागच्या घरात प्रमिलाबाईंच्या कानावर आपलाच आवाज पडला. एवढं आपण ओरडतोय म्हणजे चोर असणारच, असा विचार करून त्या लाटणं घेऊन बाहेर आल्या आणि यंत्राचं राहिलेलं काम त्यांनी पुरं केलं.

"डोकावर टोपी घालस, नि गूय चोरस?"

रस्त्यावरची माणसं दारात जमली. गृहस्थांनी टोपी नीट केली आणि शांतपणे सांगितलं, "मी अभिमन पाटील, धुयाना. ज्योतीना बाप. न सांगता पोऱ्या देखाले उनथू. दखी लिधा."

मुलगा बघून झाला होता; ते तडक एस.टी. स्टँडकडे निघाले. प्रमिलाबाईंनी लाटणं पदराखाली लपवलं. नवल गल्ल्यामागच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिला आणि त्याला खरोखरच रडू आलं.

संध्याकाळी धुळ्याहून फोन आला. ज्योतीची आई, भागाबाई बोलत होत्या. नकार बसून कसा ऐकायचा, म्हणून नवल उठून उभा राहिला.

"ह्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय," भागाबाई म्हणाल्या, "पण माझं ऐकतील तर शपथ. आज घरी आले आणि स्वतःहून बिनसाखरेचा चहा मागितला. डब्याला हात लावायच्या आधी मागं वळून बघतात. तुमच्या आईंचे फार उपकार झाले. रविवारी पोहे खायला या."

नवल तिथल्या तिथं रविवारी जाऊन पोचला. पोह्यांवर शेव होती, कोथिंबीर होती, समोर ज्योती होती. तेवढ्यात फोनवर खरीखुरी ज्योती आली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बाबा सांगत होते तो आवाज तुमच्या आईंचा ना? रोज तसाच असतो का?"

इथं थोडं खोटं बोलायला काय हरकत होती! पण स्वप्नात असलेल्या माणसाला खोटं सुचत नाही.

"छे, छे," नवल प्रेमानं म्हणाला. "मशीन फाटू नये म्हणून तेव्हा तिला मुद्दाम हळू बोलायला लावलं होतं."

पलीकडे ज्योतीनं फोन कानापासून जरा लांब धरला. नवल मात्र दुसऱ्यांदा पोहे वाढून घेत होता.