कोमट पाण्याची अट

गरम पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! इतकी वर्षं मी दुकानात गिझर विकतोय. दुरुस्त करत नाही, ते काम वेगळ्या माणसाचं; पण विकतो. कुठल्या घराला केवढा गिझर लागेल, हे मी गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर बघून सांगू शकतो. त्यामुळे नाताळच्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी पाण्याचा विषय काढला, तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

आधी सासऱ्यांविषयी सांगतो. सासरे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. आमच्या चर्चची अख्खी मंडळी त्यांना 'बंबवाले' म्हणते. दर रविवारी सासूबाईंबरोबर चर्चला येणार, शेवटच्या बाकावर बसणार, सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणार. पण बाप्तिस्मा काही घेतलेला नाही! आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे चार थेंब शिंपडून भागत नाही. व्यासपीठाखाली सिमेंटचा हौद आहे, त्यात उतरून पूर्ण बुडी मारावी लागते. आणि बाप्तिस्मा नाही तर प्रभुभोजनही नाही, म्हणजे उपासनेत पुढे जाऊन घ्यायची ती भाकर आणि द्राक्षरस.

सासूबाई लग्न झाल्यापासून मागे लागलेल्या. नोकरीत असताना सासरे म्हणायचे, "आयुष्य पाण्यात उभं राहून चाललंय, रविवारी तरी कोरडा राहू दे." निवृत्त झाले, तर गुडघा दुखायला लागला. गुडघा बरा झाला, तर म्हणे आधीच्या पास्टरांचा भरवसा नाही, म्हातारा माणूस, पाण्याखाली नेईल आणि विसरून जाईल! मग नवे पास्टर आले. तरुण, दणकट, स्मरणशक्ती एकदम ठणठणीत. सासऱ्यांची पंचाईत झाली.

तर त्या दिवशी सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला या वर्षी काही नको. प्रभुभोजनाला दर वेळी मी पुढे जाते आणि तुम्ही मागे बाकावर बसून राहता. मला एकटीला जायला नाही आवडत. नव्या वर्षात एकदा तरी माझ्याबरोबर चला."

सासरे बराच वेळ घास चावत राहिले.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "नव्या वर्षाचा पहिला रविवार. पण माझी एक अट आहे. पाणी कोमट पाहिजे! मला गार लागलं, तर मी तिथल्या तिथे घरी जाणार. आणि मग जन्मात पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

सासूबाई बिचाऱ्या लगेच म्हणाल्या, "कबूल."

आता हा म्हातारा महाबिलंदर! त्या हौदातलं पाणी जानेवारीत कसं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक. मागच्या वर्षी एक धडधाकट जवान त्यातून वर आला, तो निळा पडला होता! सासूबाईंचा चेहरा उतरला. आणि मी छातीवर हात मारला.

"पप्पा, तुमचं पाणी माझ्याकडे लागलं!"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मुलीला विचारलं, "यांच्या घरचा गिझर चालतो का गं?"

"कधीचा बंद आहे, पप्पा," माझी बायको म्हणाली. सख्खी बायको, बरं का!

"बघा, जावईबापू," सासरे म्हणाले. मला ते कायम अशीच, लांबून, मानापानाने हाक मारायचे.

मी शब्द दिला तो दिलाच. शनिवारी दुपारी व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या, अंगणातल्या नळाला रबरी पाइप लावला आणि लवकर तापावा म्हणून हौद अर्धाच भरला. रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर! दुकानातून पाणी तापवायचे रॉड आणले होते. एक नाही, चांगले पिशवीभर. झाडूच्या दांड्या हौदावर आडव्या टाकल्या, त्यांना रॉड लटकवले. माणूस पाण्यात उतरायच्या आधी सगळे बाहेर काढायचे, एवढी अक्कल मला आहे. बटणं दाबली. बारीक बुडबुडे यायला लागले. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. काय ते दृश्य!

आणि फट्!

दिवे गेले. पंखे गेले. गाण्याचा कीबोर्ड गेला, माइक गेला. चर्चमागच्या खोलीतून पास्टर धावत आले. हातात दाढीचं विजेचं मशीन. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर आठवड्याची दाढी तशीच.

"काय केलंत?"

"काही नाही, जरा भार जास्त झाला."

"वीज कधी येईल?"

"वायरमन संध्याकाळी मिळेल. रविवार आहे ना."

पास्टरांनी न केलेल्या गालावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. प्रार्थना करत असावेत. मी पाण्यात बोट घालून बघितलं. झटक्यात बाहेर काढलं. बर्फ!

पण हार मानेल तो मी कसला! रॉड आणि दांड्या काढून बाजूला टाकल्या आणि चर्चच्या ग्रुपवर ताबडतोब निरोप टाकला: 'बंबवाल्यांच्या बाप्तिस्म्यासाठी प्रत्येकाने घरून येताना उकळते पाणी आणावे. जेवढे जमेल तेवढे. तातडीचे!'

आणि काय सांगू, आमची मंडळी म्हणजे सोन्यासारखी माणसं! इतर वेळी बाक पुसायला या म्हटलं तर कुणी येत नाही, पण त्या दिवशी पातेली, बादल्या, थर्मास, प्रेशर कुकरसुद्धा घेऊन लोक दारात हजर. बंबवाल्यांना बुडवायचंय म्हटल्यावर कुणालाच राहवेना! दारापासून हौदापर्यंत रांग लावली. पातेलं या हातातून त्या हातात. टोकाला मी. "द्या, द्या! पुढचं द्या!" आत अंधार, वाफेने चष्म्यावर धुकं. मी ओततोय, रिकामं मागे देतोय, ओततोय.

तेवढ्यात रांगेतून किंकाळी आली. "अहो, माझा डबा!"

या आमच्या शिवणवाल्या मावशी. उपासनेनंतर मंडळीला चहा द्यायचा हे त्यांचं काम. घरून मोठा डबाभर चहा करून आणतात. बिचाऱ्यांनी चप्पल काढायला डबा क्षणभर खाली ठेवला आणि कुणीतरी तो रांगेत पुढे सरकवला.

"त्यात आलं होतं का हो?" मी विचारलं.

त्याच वेळी सासरे आले. पांढरे कपडे, खांद्यावर नवा टॉवेल घेतलेल्या सासूबाई शेजारी. सासरे हौदावर वाकले. नाक वर केलं. हुंगलं.

"यात दूध पडलंय."

"थोडंसंच, पप्पा."

"जावईबापू, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मी काय चहात बुडवायचं बिस्कीट आहे?"

पास्टरांनी मध्ये पडून वाद मिटवला. रंगाचा आणि तारणाचा काही संबंध नाही म्हणाले. मग त्यांनी तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं कोपर पाण्यात घातलं, आणि पास्टरांच्या तोंडून निघू नये असा आवाज काढला.

"अहो, यात पाप निघेल, पण कातडीही निघेल!"

"दोन मिनिटं!" मी म्हणालो. "गार पाणी सोडतो, लगेच कोमट होईल." अंगणात धावत जाऊन नळ सोडला, पाइपाचं टोक हौदात टाकलं. एवढ्यात गाणं सुरू झालं आणि बायकोने मला बाही धरून बाकावर बसवलं.

त्या दिवशी पास्टर काय रंगले म्हणता! माइक नाही, त्यामुळे बेंबीच्या देठापासून बोलत होते. जुना माणूस टाकून द्या, नव्या वर्षात प्रभूच्या हाती नवा माणूस होऊन निघा! त्यांचा तो अर्धा जुना, अर्धा नवा चेहरा बघून मला ते फारच पटलं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे पाणावले. या वर्षी बढाया मारणं कायमचं सोडायचं, असा निश्चय मी मनात करतच होतो, तेवढ्यात माझे मोजे भिजले.

मी खाली बघितलं. पुढच्या बाकांवरचे लोक पाय वर घेऊन बसले होते. व्यासपीठाच्या पायरीवरून पाणी शांतपणे खाली येत होतं, गालिचावरून मधल्या वाटेने दाराकडे निघालं होतं. नळ!

"बंधूंनी पुढे यावं," पास्टर म्हणाले आणि स्वतः हौदात उतरले. त्यांना सर्दीचा त्रास, म्हणून झग्याच्या आतून ते बुटांसकट छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालतात, मासे पकडणारे घालतात तसली. सासरे उठून हौदाच्या काठाशी जाऊन उभे राहिले.

मी धावलो. निदान पाइप तरी आधी बाहेर काढावा, हा माझा हेतू. पण भिजलेल्या गालिचावर माझा पाय असा सटकला की साबणाच्या वडीवर पडल्यासारखा! मी बसल्या बसल्या सगळं व्यासपीठ पार केलं आणि थेट पास्टरांच्या छातीवर जाऊन आदळलो. दोघेही पाण्याखाली!

पास्टरांच्या विजारीत पाणी शिरलं. ती भरली, फुगली, आणि त्यांना पाय उचलता येईना. डोकं वर यायचं, "प्रभू!" म्हणायचं आणि परत खाली जायचं. मला तर पोहताच येत नाही! मी जीव खाऊन ओरडलो, "वाचवा! बुडालो! माझ्या बायकोला सांगा..."

पुढचं सांगायची वेळच आली नाही. सासऱ्यांनी हौदात उडी टाकली होती. एका हाताने पास्टरांची मान धरली, दुसऱ्याने माझी.

"ऊठ रे गाढवा! पाणी कमरेएवढं आहे!"

मी उठून उभा राहिलो. खरंच कमरेएवढं होतं. पण त्या अवस्थेतही मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच घरच्यासारखी हाक मारली होती.

मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. उपदेश चालू होता तेवढा वेळ नळ चालू होता. मंडळीने घरून आणलेलं सगळं गरम पाणी गालिचावरून दाराबाहेर गेलं होतं. हौदात उरलं होतं ते नळाचं, गारढोण! माझे दात वाजत होते. सासऱ्यांचे ओठ थरथरत होते.

सासूबाई पाण्यातून चालत काठापर्यंत आल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

"गार आहे?" त्यांनी विचारलं.

"बर्फ आहे नुसता."

"मग चला घरी," त्या म्हणाल्या. "मी कबूल केलं होतं. पुन्हा नाही काढणार विषय." त्यांनी टॉवेल पुढे केला.

सासऱ्यांनी टॉवेल घेतला नाही. ते तसेच उभे राहिले.

"अगं, पाण्याचं काय घेऊन बसलीस," ते पुटपुटले. "पाणी आपलं निमित्त होतं."

"निमित्त? इतकी वर्षं?"

"या हौदात उतरलो की मला रडू येणार, हे मला माहीत होतं. एवढ्या लोकांदेखत! आयुष्यभर आगीत शिरलो, कधी डोळ्यात पाणी नाही आलं. आणि इथे मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे बाप्तिस्मे बघताना यायचं. मला लाज वाटायची गं. आता तोंड ओलंच आहे, कुणाला काय कळतंय?" आणि मोठ्याने म्हणाले, "पास्टर, उरका लवकर! मला प्रभूकडे जायचंय, पण आजच नको!"

पास्टरांनी विचारलं, येशूला आपला तारणारा मानता का?

"मानतो," सासरे म्हणाले. "कधीचाच मानतो."

पास्टरांना विजारीच्या वजनाने वाकता येईना. मी त्यांना मागून कमरेला धरून ठेवलं, तेव्हा कुठे त्यांनी सासऱ्यांना बाप, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बुडवलं. सासरे वर आले ते हमसून हमसून रडत! सगळ्यांना कळलं. तोंड ओलं असून कळलं. सासूबाई कपड्यांसकट हौदाच्या पायऱ्या उतरल्या, त्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. मंडळी कीबोर्डशिवाय गायला लागली. बायको रडत होती, शिवणवाल्या मावशी रडत होत्या, मीही रडलो, सरळ सांगतो.

मग प्रभुभोजन झालं. सासूबाई उठल्या, शेजारी सासरे उठले, आणि दोघं हात धरून पाण्यातून चुबुक चुबुक करत पुढे गेले. त्या वाटेवर सासूबाईंनी दोनदा शेजारी वळून बघितलं, हा माणूस खरंच बरोबर आहे ना म्हणून.

मी मावशींच्या शालीत गुरफटून बसलो होतो. आणि मला राहून राहून वाटायला लागलं, हे झालं कुणामुळे? मी घसरलो नसतो, तर सासरे उतरले असते का? नसतेच! कुणीतरी हे बोलायला हवं होतं. आणि बघा, शेवटी पास्टरांनी तो विषय काढलाच!

"आज हे ज्याच्यामुळे घडलं," ते भरल्या आवाजात म्हणाले, "त्याचे आपण सर्वांनी आभार मानू या."

मी उठलो. ओली कॉलर नीट केली. मान जरा झुकवली.

"त्या प्रभूचे!" पास्टर म्हणाले आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

मी गुपचूप खाली बसणार, तेवढ्यात पुढच्या बाकावरून सासऱ्यांनी एक डोळा उघडून मागे बघितलं.

"गाढवा, उभाच आहेस तर तो नळ बंद करून ये."