भिंतीपासून पंचवीस फूट

ढोमणे काका गाडीची तब्येत बोनेटला हात लावून विचारतात. बेसा इथल्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या गेटातून संध्याकाळी कुठलीही गाडी आत आली, की काका समोर उभे. तळहात बोनेटवर, मान हेडलाइटकडे झुकलेली. गाडीवाला हॉर्न वाजवतो. काका हलत नाहीत. "पोंपों काहून करून राहिला गा? उजेड दाखव अगोदर!"

मी एरवी खड्डे, फूटपाथ आणि झाडतोड यांवर पत्रकं काढते. माणसांवर लिहायची मला सवय नाही. पण या माणसाची भिंत आमच्या कमिटीने हिसकावली, तेव्हा लिहिणं भाग आहे.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. जन्मभर वीज तयार केली, आता ती पुढे नीट पोचते की नाही यावर त्यांचा पहारा असतो. दर मंगळवारी संध्याकाळी सातला पंपाच्या खोलीच्या कोऱ्या भिंतीवर ते खडूने एक आडवी रेघ आणि दोन फुल्या काढत. भिंतीपासून पंचवीस फूट मोजून गाडी उभी करायची, दिवे लावायचे, आणि उजेड रेघेवर, फुल्यांवर कसा पडतो ते बघून काका प्लास्टिकच्या खुर्चीतून निकाल देणार.

काच बाहेरून पिवळी पडली? घासून घ्या. आत पाणी धरलं? अख्खा दिवा बदला. एकच बल्ब गेला? दुसराही काढा. "दोघं एकाच दिवशी नोकरीवर लागले, रिटायर बी संगंच होऊ द्या."

एकदा कोणी तरी म्हणालं, "काका, चालू तर आहे ना दिवा!"

"चालू आहे, पण तुले दिसून काय राहिलं? मेलेला बल्ब समजते गा. म्हातारा झालेला समजत नाही. रोज थोडा थोडा कमी होते, अन् आपला डोळा सांभाळून घेते."

इतकी पत्रकं लिहिली मी, पण असं एक वाक्य मला जमलेलं नाही.

आणि आमच्या सचिवांना नेमकी त्याच भिंतीवर धबधबा रंगवायची हुक्की आली. म्हणे, स्कीमची शोभा वाढेल! माझं डोकं सटकलं. रातोरात पत्रक तयार केलं: 'शोभा हवी की सुरक्षा?' आणि सकाळी दारोदार सह्यांना निघाले.

पहिलं दार दुसऱ्या मजल्यावरच्या मेश्राम काकूंचं. त्या बँकेत आहेत. सही झाली. मी विचारलं, "काकू, तुमच्या गाडीत काय दोष निघाला होता? पत्रकात उदाहरण घालते."

"दोष कायचा वं? दिवाळीत घेतली, नवीकोरी आहे."

"मग काका काय म्हणाले?"

"पुढच्या मंगळवारी परत दाखवा म्हणाले. सहा मंगळवार झाले, जाऊन राहिली मी."

पुढच्या दारांवरही तेच. ज्यांचे दिवे खरंच अंधुक होते, त्यांच्याबरोबर काका स्वतः दुकानात जाऊन त्याच आठवड्यात बदलून आले होते. ज्यांचे उत्तम होते, त्यांना मात्र तारखांवर तारखा.

मला संताप आला. सुरक्षेच्या नावावर आपण सह्या गोळा करायच्या आणि इथे हा प्रकार? तडक काकांच्या दारात गेले. "काका, चांगल्या दिव्यांना तारखा कशाला देता? लोकांची फसवणूक आहे ही!"

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले,

"रागावू नको वं पोरी. कोराडीच्या कॉलनीत संध्याकाळी सारे बाहेर बसत. इथं माणूस गाडीतून लिफ्टमधी, लिफ्टमधून घरात. गाडीची काच खाली कराले त्याले काही तरी काम लागते ना. चांगले दिवेवाले एकदा पास झाले, का मंग कायले थांबतीन?"

पत्रक मात्र मागे घेतलं नाही. रविवारी सभेत तावातावाने बोलले, आणि हरले. धबधबा जिंकला.

मंगळवारी सातला मी खाली उतरले तेव्हा भिंतीवर निळा रंग ओला होता. रेघ नाही, फुल्या नाहीत. काका खुर्ची काखेत मारून घरी निघालेच होते, तेवढ्यात मेश्राम काकूंची गाडी आली. त्यांनी इंजिन बंद केलं, दिवे मालवले आणि खाली उतरल्या.

"दिवे काहून बंद केले वहिनी?"

"चांगले आहेत ते भाऊजी. मी नुसतीच आली."

काका गडबडले. ओल्या भिंतीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग काखेतली खुर्ची त्यांच्यासमोर ठेवून पुसली.

"बसा ना," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "पोरी, घर उघडंच आहे. आतून आणखी एक खुर्ची आणतं का? नाही, थांब. दोन आण."