डाव्या हाताची संमती

सकाळी पावणेआठला बायकोचा फोन आला तेव्हा कुलूपवाल्याच्या छातीत धस्स झालं. घटस्फोटाची शेवटची तारीख त्याच दिवशी अकराची होती. हिचं मन ऐन वेळी फिरलं की काय!

"मी घराबाहेर अडकलेय," ती म्हणाली. "किल्ली आत, ओळखपत्र आत, लग्नाचा दाखला आत. आणि दुसरा कुलूपवाला माझ्या ओळखीत नाही."

"निघतो," तो म्हणाला.

खरं तर त्यांचं भांडण असं नव्हतंच. ती हवामान कार्यालयात पाळ्यांवर, तो दिवसभर दुकानात. दोघांमधलं बोलणं आटत आटत "गॅस बंद केलास का?" एवढ्यावर आलं आणि पुढे तेही थांबलं. मग ती वेगळी राहू लागली. वर्ष झाल्यावर दोघांनी मिळून एकच वकील गाठला.

"दोघं राजी असाल तर सोपं आहे," वकीलसाहेब म्हणाले होते. "एकत्र अर्ज करायचा. मग सहा महिने थांबायचं, कुणाचं मन बदलतंय का बघायला. मग पुन्हा दोघांनी न्यायाधीशांसमोर उभं राहून तेच सांगायचं, सही करायची, संपलं. फक्त दोघं हजर हवेत, आणि राजीखुशीनं हवेत."

सहा महिने सरले होते. उद्या ती दूर डोंगरावरच्या वेधशाळेत रुजू होणार होती. आजची तारीख हुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि नव्या जागी लगेच रजा कोण देतो?

कुलूप त्याने चार मिनिटांत उघडलं. पण दार फुगून चौकटीत घट्ट बसलेलं वाटलं. त्याने खांदा लावला. दार हलेना. तो दोन पावलं मागे गेला आणि धावत आला. या खेपेला दाराने काहीच विरोध केला नाही. तो थेट आतल्या चपलांच्या कपाटापर्यंत पोचला, आणि अंगाखाली उजवं मनगट कडकन वाजलं.

"उघडलं," तो जमिनीवरूनच म्हणाला.

दवाखान्यात नर्सने फॉर्म पुढे केला. "पेशंट तुमचे कोण?"

बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकरापर्यंत नवरा."

"एकच शब्द मावतो हो इथे."

तिने 'पत्नी' लिहून टाकलं. पत्ता नर्सनेच विचारून भरला: पडले तिथलाच. प्लास्टर झालं, दुखणं कमी व्हायला इंजेक्शन झालं. शर्ट बदलताना त्याला बटणं लावता येईनात, ती तिने लावली. दोघं धापा टाकत न्यायालयात पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते.

कारकुनाने सही मागितली. कुलूपवाल्याने डाव्या हाताने केली. शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळावी तशी ती कागदभर गेली.

"ही सही तुमची नाही," कारकून म्हणाला.

"हात माझाच आहे की!"

"अर्जावरची वेगळी आहे. मला नाही चालायची."

वकीलसाहेबांनी चपळाईने दवाखान्याचा कागद काढून न्यायाधीशबाईंपुढे ठेवला. ठेवता ठेवता स्वतः वाचला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण कागद आता बाईंच्या हातात होता.

"दीड वर्ष वेगळे राहता म्हणता," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि आज सकाळी आठला हे तुमच्या घरात पडले?"

"कुलूप उघडायला आले होते, मॅडम," बायको म्हणाली.

"मग आत कसे पडले?"

"दार आत उघडतं, मॅडम," कुलूपवाला म्हणाला.

"शर्टाची बटणं कुणी लावली?"

दोघांनी एकदमच बटणांकडे पाहिलं. नेमकी त्याच वेळी मनगटातून अशी कळ आली की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"तुमच्यावर काही दबाव आहे का?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"दबाव नाही मॅडम, प्लास्टर आहे."

"औषध काय दिलंय यांना?" बाईंनी कागद पुन्हा वाचला. "गुंगीत दिलेली संमती मी घेणार नाही. चारला या. तेव्हाही मला शंका वाटली, तर पुढची तारीख."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. घरी जाण्यात अर्थ नव्हता, आणि दोघांपुढे काही कामही नव्हतं. लग्नानंतर असं बहुधा पहिल्यांदाच झालं होतं.

"धावत कशाला आलास?" तिने विचारलं. "दाराला बाहेरून वर कडी होती, तू मागे गेलास तेव्हा मी ती काढली. मी सांगणारच होते."

"कुलूपवाल्याला कडी सांगतेस?"

ती खुदकन हसली. मग तो हसला. मग ती त्याला ढगांच्या जाती सांगू लागली, आणि तो कान देऊन ऐकू लागला. वकीलसाहेब धावत आले आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसले.

"हसू नका हो!" ते कुजबुजले. "मॅडम जेवायला याच वाटेनं जातात. केस बुडवाल माझी!"

तीन वाजले. गुंगी उतरली आणि कुलूपवाल्याला खरी धास्ती वाटू लागली. चारला आपण काय बोलणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. 'नाही' म्हटलं की चार महिने हातात. पण ते चार महिने तिच्याच पायात अडकायचे.

चारला बाईंनी त्याला एकट्यालाच पुढे बोलावलं. "आता शुद्धीवर आहात. सांगा, राजीखुशीनं का?"

तो बंद दाराचं कुलूप न्याहाळत राहिला; कारकुनाने लेखणी खाली ठेवली.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "आज तिच्याशी बोलून फार बरं वाटलं. पण ते पाच तास बाकावर बांधल्यासारखे बसलो म्हणून. उद्या सुटलो की मी पुन्हा दुकानात आणि ती ढगात. तिला जाऊ दे. माझी संमती आहे."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिला आत बोलावून तोच प्रश्न केला. ती "हो" म्हणाली, जरा उशिराच. बाईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला, त्याने डावा अंगठा उमटवला आणि साडेचारला सगळं आटोपलं.

घरी जायला बस एकच होती. गर्दीत दोघांना शेजारी जागा मिळाली.

"दोन देऊ?" कंडक्टरने विचारलं.

"वेगवेगळी," दोघं एका सुरात म्हणाले.

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं. "बरंच भांडलात वाटतं," तो तिकिटं फाडत म्हणाला. "होतं असं. घरी गेलात की मिटेल."

कुलूपवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर. समजावून सांगायला फार वेळ लागला असता, आणि तिचा थांबा तिसराच होता.