हौसाबाईंना कळवू नये

हिंदी मुलखातल्या सीपरी बाजारात राहणाऱ्या भानुमतीने 'रुग्णाचा जाणून घेण्याचा हक्क' हा विषय डॉक्टरेटसाठी घेतला आणि रुग्ण घरातच मिळाला. आत्या हौसाबाई यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांना काय झालंय हे त्या सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुकानदारापासून लपवायचं ते मराठीत बोलायचं आणि हौसाबाईंपासून लपवायचं ते इंग्रजीत, ही घरची जुनी शिस्त.

"भाने, मला नेमकं झालंय तरी काय गं?"

"आत्या, याच प्रश्नावर माझा प्रबंध आहे!"

"मग सांग की."

"आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते."

समितीने सखोल विचार केला. आजाराचं नाव ऐकून रुग्णाला धक्का बसतो, सबब ते उच्चारू नये. मुलाखत चालली आहे हे कळलं तरी रक्तदाब चढतो, सबब तेही कळवू नये. राहता राहिली संमती. ती मागायची तर कशासाठी ते सांगावं लागणार, आणि सांगायला तर बंदी. तेव्हा संमती घरच्या कर्त्या पुरुषाने द्यावी. भानुमतीचे वडील बापूराव यांनी ती चहा गार व्हायच्या आत देऊन टाकली.

मग भानुमतीने आत्याशी दुपारभर लोणच्यावर गप्पा मारल्या. प्रबंधाचं चौथं प्रकरण झालं.

हौसाबाई मात्र अडून बसल्या. "सांगितल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही!"

समितीने तातडीने कळवलं : रुग्णाला आजाराची माहिती नसल्याने तिचा नकार ग्राह्य धरता येत नाही.

भानुमतीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगितलं की प्रबंध बाद. "गॅस आहे, आत्या," ती म्हणाली.

ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर येताच हौसाबाईंनी विचारलं, "काय डाक्टर भैया, हमें का हो गओ तो?"

"अम्माजी, आप तो बस आराम करो."

पदवीचे पेढे आले. हौसाबाईंनी एक उचलला. "झालीस ना डॉक्टर? आता तरी बोल."

"आता तर मुळीच नाही, आत्या. प्रबंधातला रुग्ण कोण, हे गोपनीय असतं."

"अगं, पण तो रुग्ण मीच ना?"

"तेच तर तुम्हाला कळायला नको."

हौसाबाईंनी पेढा ताटात परत ठेवला.

जाता जाता एक खुलासा. आजाराचं नाव या गोष्टीतही कुठे आलेलं नाही. इथवर वाचूनही आपण ते विचारलं नाहीत, याची समितीने नोंद घेतली असून तीच आपली संमती समजण्यात आली आहे.