राघू स्वल्प बसून जातो

आमचा राघू कुणाच्याही घरी न कळवता जातो. काही कामाला नव्हे, बसायला. वय एकोणतीस, नोकरी माझ्याच ऑफिसात, मारतहळ्ळीला. आमच्या वयाच्या माणसाची बेल वाजते ती जेवणाचं पार्सल आलं म्हणून. दार उघडावं, तर राघू उभा. हातात केळी.

"स्वल्प बसतो आणि जातो," म्हणतो. स्वल्प म्हणजे कन्नडात थोडं. राघूचं स्वल्प दीड तासाचं असतं.

त्याचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मं कन्नड आणि उरलेलं पणजोबांचं. "आधी फोन का करत नाहीस?" मी एकदा वैतागून विचारलं. मी पुण्याचा, मला हा प्रश्न शोभतो. तर म्हणे, "फोन केला की लोक घर आवरतात. मग आवरलेलं घरच बघून यायचं की रे! माणूस कुठं दिसतो?"

साठीपुढची मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. आमच्या वयाचे मात्र लपतात. आमच्या टीममधली एक मुलगी बेल वाजली की टीव्हीचा आवाज बंद करून बसते.

मी तर कहर केला. एका रविवारी बेल वाजली, मी सोफ्यावरूनच ओरडलो, "भैया, बाहर रख दो!"

"ठेवलंय रे," बाहेरून राघू म्हणाला.

आवाज ओळखला, तरी उठलो नाही. घरात पसारा होता, अंगात आळस होता. तासाभराने दार उघडलं, तर उंबऱ्याशी केळी.

त्यानंतर राघू आला नाही. ऑफिसात हसून बोलायचा, पण बसायचं नाव काढेना. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण लाजच वाटत राहिली.

महिन्याभराने केळी घेऊन बनशंकरीला त्याच्या घरी गेलो. दारात उभं राहून 'आहेस का?' असं फोनवर टाइप केलं, पुसलं आणि बेल दाबली.

त्याच्या आईने दार उघडलं. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. माझं नावही न विचारता ती आत वळून ओरडली, "राघू, आलं रे कुणीतरी!"

मग मला बसवून हळूच म्हणाली, "म्हातारे त्याला नातवासारखं करतात. पण त्याला दोस्त नको का? 'मी इतक्यांकडे जातो, कुणीतरी येईलच,' म्हणायचा. दर रविवारी पाचला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. हा महिना तेही सोडलंय. त्याच्या वयाचा तूच पहिला आलास बघ."

एवढ्यात राघू बाहेर आला. अंगात भोकाचं बनियन. मला बघून गडबडला. "अरे, फोन तरी करायचास! घर सगळं पसरलंय!"

"स्वल्प बसतो आणि जातो," मी म्हणालो.

तो आत गेला. बऱ्याच वेळाने कॉफी घेऊन आला, तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. बटणं एकेक काज चुकून लावलेली. मी कॉफी घेतली. दीड तास बसलो.