अर्धा किलो जास्त

सकाळी सात वाजून सहा मिनिटांनी सिद्धेश्वरी वजनाच्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, साडेएकावन्न."

"पन्नास किलो नऊशे ग्रॅम," मी दुरुस्ती केली. बावीस वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. चुकीचा आकडा कानावर पडला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

"काटा मी न्हाय बनवला. अर्धा किलो जास्त हाय. आठला खोली बंद."

सिद्धेश्वरी माझी भाची. वय अठरा, बॉक्सिंगच्या युवा गटातलं शेवटचं वर्ष, आणि राज्य स्पर्धेसाठीची जिल्हा निवड आजच. वजन एरवी त्रेपन्न, म्हणजे सरळ ५४ किलोचा गट. पण त्या गटात अरिबा. गेल्या वर्षी अरिबाच्या डाव्या हाताने हिला असं बसवलं होतं, की ही उठून अरिबाच्याच कोपऱ्यात पाणी मागायला गेली. म्हणून मी ठरवलं, वजन उतरवायचं आणि ५१ मध्ये खेळायचं.

"मला अरिबाशीच खेळायचंय," सिद्धेश्वरी म्हणाली होती.

तिचे प्रशिक्षक शाकीर सरही म्हणाले, "साहब, छोकरी चोपन्नची है. हड्डी बोलती है."

"हाडं काय वाट्टेल ते बोलतील. आकडे खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, छापलंही. आजचा अंक, पान सात: '५१ किलो गटात सिद्धेश्वरीचे पारडे जड'.

सहा आठवडे रोज पहाटे मार्केट यार्डात रुद्रप्पा दाजींच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, आडत दुकानात तिला ज्वारीच्या काट्यावर उभं केलं. आकडा डायरीत लिहिला. माझी बहीण ईरम्मा मला अजून कन्नडमध्ये तम्मा, धाकटा भाऊ, म्हणते. "तम्मा, पोरगी भाकरी बघून डोळं पुसाय लागलीया," ती सांगायची. मी डायरी दाखवायचो.

सात वाजून अकरा मिनिटांनी दाजींना फोन लावला. "दाजी, तुमचा काटा चुकतो."

आडत्याला याहून मोठी शिवी नाही.

"तीस वर्षं मानसं त्या काट्यावर माल घालत्यात," दाजी सावकाश म्हणाले. "तू बारदान काय केलंस?"

"कसलं बारदान?"

"काट्यावर रिकामं पोतं असतंय की. ते ठिवून काटा शून्य केलेला असतोय. मग ते काढून भरलेलं पोतं ठिवायचं, म्हंजे नुसत्या ज्वारीचं वजन येतंय."

"ते मी रोज उचलून, पाया पडून बाजूला ठेवतो."

"का?"

"धान्याच्या पोत्यावर पाय कसा द्यायचा, दाजी?"

"व्हय, ते बरोबर हाय," दाजी विरघळले. "संस्कार चांगले हायत. पर त्ये बारदान सहाशे ग्रॅमचं हाय."

काटा शून्यावर असल्याची मी रोज खात्री करत होतो. पोतं उचलल्यावर तोच काटा शून्याच्या खाली सहाशे ग्रॅम दाखवत असणार. त्या क्षणी मी डायरीत तारीख लिहीत असायचो. सुवाच्य अक्षरात.

मग स्वेटर, त्यावर माझं जाकीट, दोरीच्या उड्या, मैदानाला चकरा. मीही सोबत धावलो. दुसऱ्या चकरेत शाकीर सरांनी मला बाजूला बसवलं आणि पाणी पाजलं. सात चाळीसला पुन्हा काटा: एकावन्न किलो तीनशे.

"बस," शाकीर सर म्हणाले. "अब कडक भाकरी बन गई पोरगी. हात लगाया तो तुकडे."

"वीस मिनिटं आहेत की."

"वीस मिनिटात गट बदलता येतो, साहब. चोपन्नला आपल्या क्लबची जागा खाली है."

मी नियमपुस्तक उघडलं. नियम बरोबर होता. मान वर केली तर सिद्धेश्वरी टेबलाशी अर्ज भरत होती. एका हातात पेन, दुसऱ्यात केळं. सात चोपन्नला तिचं नाव ५४ च्या गटात गेलं. तिच्या चेहऱ्यावर मी दुःख शोधलं, पण सापडलं नाही.

शेजारी अरिबा बुटाची नाडी बांधत होती. "मामूने भूखा रखा था क्या?"

"सहा आठवडे."

"फिर आज मेरेको खाएगी क्या?"

"बगू की," सिद्धेश्वरी म्हणाली आणि दुसरं केळं सोललं.

आता दुपारचे चार वाजून बारा मिनिटं झालीत. दोन फेऱ्या संपल्या. पहिली अरिबाने घेतली, दुसरी आमच्याकडे. सिद्धेश्वरीचं नाक लाल झालंय, पण या वेळी ती स्वतःच्याच कोपऱ्यात परतली. ईरम्मा भाकरीचा डबा पोटाशी धरून, डोळे मिटून बसलीय. तिसऱ्या फेरीची घंटा झाली.

कार्यालयातून फोन आला, "निकाल?"

निकाल यायचाय. उद्याच्या अंकातली दुरुस्ती मात्र तयार आहे: कालच्या अंकातील ५१ किलो हे ५४ किलो असे वाचावे. त्यातला आकडा मी शाकीर सरांकडून तपासून घेतलाय.